बेलिफ दारात, आपण खिडकीत

(द्वितीय वर्ष, कला)

दारात आलेल्या माणसाला निदान तांब्याभर पाणी विचारावे, ही आपल्याकडची रीत. भाऊबंदकीत वैर असले तरी ती सहसा मोडत नाही. या रीतीला अपवाद दोनच. एक दरोडेखोर आणि दुसरा कोर्टाचा बेलिफ. त्यातही दरोडेखोर भर दुपारी हातात कागद घेऊन, नाव-गाव विचारत येत नाही. त्यामुळे प्रत्यक्षात हा अपवाद एकट्या बेलिफाच्याच वाट्याला येतो.

मित्रहो, हे मी ऐकीव सांगत नाही. माझे वडील तालुक्याच्या दिवाणी न्यायालयात आधी शिपाई होते, आता बेलिफ आहेत. उन्हाळ्यात वाड्यावस्त्यांवर समन्स बजावायला गेले की ते पाणी पितात ते जिल्हा परिषदेच्या शाळेच्या नळावर. कुणाचे घर विचारले तर गावात एकालाही ठाऊक नसते. एकदा तर ज्याच्या नावाचे समन्स, त्याच गृहस्थाला त्यांनी नकळत पत्ता विचारला, तो शांतपणे म्हणाला, "त्यो व्हय? त्यो गेला की म्हमईला, दोन वर्सं झाली." आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिला, आणि ती पायरी या पगारावरच चढलो आहे. तेव्हा 'बेलिफाचा पोरगा बेलिफाची वकिली करतो' असे कुणाला वाटले तर त्याने तेवढी सूट धरून हा लेख वाचावा. वाचावा मात्र.

लोकांच्या मनात बेलिफ म्हणजे सावकाराचा माणूस. वास्तविक ती वाट फार लांबची आहे. आधी दावा लागतो. त्यात साक्षीपुरावे होतात, किंवा प्रतिवादी तारखेला फिरकतच नाही म्हणून दावा एकतर्फी निकाली निघतो आणि डिक्री होते. डिक्रीनंतरही पैसे आले नाहीत की डिक्रीदार दरखास्त लावतो, तीत नोटीस निघते, मग जप्तीचे वॉरंट निघते. ते नाझरसाहेबांकडे येते आणि ज्याच्याकडे ते गाव असेल त्या बेलिफाच्या हाती पडते. कर्ज देताना तो नव्हता, व्याज लावताना नव्हता, निकाल देताना नव्हता. इतक्या पायऱ्या उतरून आलेल्या कागदाला धरलेला शेवटचा हात तेवढा लोकांना दिसतो, आणि शिव्या त्या हाताला बसतात.

त्या हाताला कायद्याने किती दोऱ्यांनी बांधले आहे, हे मात्र कुणी सांगत नाही. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेचे साठावे कलम आपल्याकडे प्रत्येक विद्यार्थ्याने एकदा तरी वाचावे असे आहे. ऋणकोचे, त्याच्या बायकोमुलांचे अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण यांना हात लावता येत नाही. धर्मरूढीप्रमाणे स्त्रीने अंगावरून उतरवू नये असा दागिना, म्हणजे आपल्याकडे मंगळसूत्र, जप्त होत नाही. कारागिराची हत्यारे जप्त होत नाहीत. शेतकऱ्याची औते, पोटापाण्याला लागणारी जनावरे, बियाणे जप्त होत नाही. बासष्टाव्या कलमाप्रमाणे सूर्य मावळल्यापासून उगवेपर्यंत राहत्या घरात शिरता येत नाही. छप्पन्नाव्या कलमाप्रमाणे पैशाच्या डिक्रीसाठी स्त्रीला अटक करता येत नाही. पुरुषालासुद्धा नुसता गरीब आहे म्हणून दिवाणी तुरुंगात टाकता येणार नाही, ऐपत असून तो लबाडीने टाळतो आहे हे दिसले पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८० साली जॉली जॉर्ज वर्गीस विरुद्ध बँक ऑफ कोचीन या खटल्यात सांगितले. निकाल न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांचा.

ही कलमे वडिलांना आकड्यांनिशी पाठ नाहीत. पण चार वर्षांपूर्वी एका शिंप्याच्या घरी जप्ती होती. डिक्रीदाराचा माणूस माल दाखवायला बरोबर होता. त्याने पहिले बोट ठेवले ते शिलाई मशीनवर. वडील म्हणाले, "ते त्याचं अवजार आहे, ते यादीत येत नाही." त्याने पुष्कळ आदळआपट केली. वडिलांनी कपाट, टी.व्ही. आणि एक सायकल एवढे पंचांसमक्ष लिहिले, सह्या घेतल्या आणि ते निघाले. बाहेर पन्नासेक माणसे जमली होती. त्यांनी काय निष्कर्ष काढला असेल? 'बाईकडून काहीतरी घेतलं असणार, त्याशिवाय मशीन सोडतोय होय!' मशीन नेले असते तर कसाई ठरले असते, सोडले म्हणून लाचखाऊ ठरले. तिसरी शक्यता, म्हणजे कायदा, त्या पन्नासांपैकी एकाच्याही डोक्यात आली नाही.

सगळेच बेलिफ धुतल्या तांदळासारखे असतात असा माझा दावा नाही. ऋणकोकडून चहापाणी घेऊन 'घर बंद, मिळून आला नाही' असा शेरा मारणारे आहेत. डिक्रीदाराच्या गाडीतून जाऊन त्याच्याच पैशाने जेवणारेही आहेत. घरात न जाताच दारावर समन्स चिकटवल्याचा कागद रंगवणारे आहेत, आणि त्यामुळे एखाद्याविरुद्ध त्याच्या नकळत एकतर्फी निकाल होतो, हा अपराध लहान नाही. पण अशा बेलिफाविरुद्ध अर्ज करता येतो. त्याला नाव आहे, हुद्दा आहे, वर साहेब आहे. ही गोष्ट लक्षात ठेवावी, पुढे ती लागणार आहे.

माझ्या बहिणीला एक स्थळ आले होते. सगळे जुळले, आणि मग निरोप आला की बेलिफाचा पैसा तळतळाटाचा असतो, आमच्या घरात तो नको. निरोप धाडणारे गृहस्थ एका पतसंस्थेचे संचालक होते. व्याजाच्या पैशाला तळतळाट लागत नाही, तो फक्त पगाराच्या पैशाला लागतो, असा त्यांचा काही हिशेब असावा.

आता थोडे मागे जाऊ. बेलिफ नव्हता तेव्हा काय होते? पेशवाई बुडाल्यावर एल्फिन्स्टनने १८१९ साली या मुलखाविषयी जो अहवाल दिला त्यात 'तगादा' कसा चाले ते नोंदले आहे. ऋणको बरोबरीचा किंवा खालचा असेल तर सावकार त्याला घरात कोंडी, जेवू देत नसे, उन्हात बसवी. आणि ऋणको वरचढ असेल तर? मग विनवण्या, अब्रूच्या शपथा, त्याच्या उंबऱ्यात लोळण, दारात आरडाओरड. म्हणजे कर्ज एकच, पण वसुलीची तऱ्हा ऋणकोची पायरी पाहून. धरणे धरून बसण्याचीही अशीच चाल होती. १८६० च्या दंडसंहितेत, दैवी कोपाची भीती घालून कुणाकडून काही करवून घेणे हा गुन्हा कलम ५०८ मध्ये सांगितला होता, आणि त्याला पहिले उदाहरण दिले होते ते दारात धरणे धरून बसणाऱ्या माणसाचेच.

धनको आणि ऋणको यांच्यामध्ये कुणीतरी तिसरा, त्रयस्थ, पगारी आणि नियमाने बांधलेला माणूस उभा करावा, ही कल्पना या पार्श्वभूमीवर पाहिली पाहिजे. ती लगेच न्यायाची ठरली असे मुळीच नाही. इंग्रजी कोर्टांनी सावकाराच्या हाती भलतेच धारदार हत्यार दिले. निरक्षर कुणबी कोर्टात उभा राहत नसे, खताखाली काय लिहिले ते त्याला वाचता येत नसे, आणि एकतर्फी डिक्र्यांचा पाऊस पडत असे. त्याचा स्फोट १२ मे १८७५ रोजी आमच्याच भागातल्या सुप्याच्या बाजारात झाला. पुढे पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या गावोगाव तो पसरला. त्या दंग्याची चौकशी झाली तेव्हा एक गोष्ट ठळकपणे पुढे आली. लोकांना हवी होती ती खते, रोखे आणि डिक्र्या. कागद निमूट हवाली केले तिथे बहुधा पुढे काही झाले नाही. ते जाळून लोक घरी गेले. चार वर्षांनी, १८७९ साली, डेक्कन अॅग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ अॅक्ट आला. पैशाच्या डिक्रीसाठी शेतकऱ्याची अटक बंद झाली आणि खताच्या मागे जाऊन मूळ व्यवहार तपासण्याचा अधिकार कोर्टाला मिळाला.

सुप्याच्या त्या अडाणी शेतकऱ्याला एक कळत होते, ते आपल्याला शिकूनसवरून कळेनासे झाले आहे. राग कशावर काढायचा हे त्याला नेमके माहीत होते. त्याने शिपायाला नाही, कागदाला काडी लावली. तुकोबांचीही गोष्ट परंपरा अशीच सांगते. वाटणीत आपल्याकडे आलेली कर्जखते त्यांनी इंद्रायणीत बुडवली. (अभंगांच्या वह्या पुढे पाण्यावर आल्या म्हणतात. खते वर आल्याचे कुणी म्हटलेले नाही, आणि ती वर यावीत अशी कुणा वारकऱ्याची इच्छाही नसावी.) बाबूराव पेंटरांच्या १९२५ च्या 'सावकारी पाश'पासून १९५७ च्या 'मदर इंडिया'पर्यंत पडद्यावरसुद्धा खलनायक होता तो सावकारच. मग आपल्या गल्लीत मात्र आपण वॉरंट आणणाऱ्याकडे बघून का थुंकतो?

मला वाटते याचे कारण असे, की जप्तीत खरा जीव कपाटात नसतो, तो अब्रूत असतो. आमच्या वडिलांचा वीस वर्षांचा अनुभव आहे की माणसे टी.व्ही. नेला म्हणून रडत नाहीत; ती म्हणतात, "साहेब, गाडी जरा लांब लावा. आवाज हळू करा." त्यांचे डोळे सामानावर नसतात, समोरच्या खिडकीवर असतात. कायद्यानेही इथे थोडा हातभार लावलेला आहेच. स्थावराच्या जप्तीची आणि लिलावाची दवंडी पिटावी असे त्याच संहितेत आहे. दवंडीचा हेतू गिऱ्हाइकाला कळावे, गुपचूप खरेदी होऊ नये, हा. पण तिचा अर्थ लावणारे कान आपले. घरात माणूस मेला की आपण चूल पेटू देत नाही, शेजारून पिठले-भाकरी जाते. जप्ती आली की त्याच घरावर आपण खिडक्या उघडतो, आणि दुसऱ्या दिवसापासून दुकानदार उधारी बंद करतो. हे बेलिफाने केले काय? त्याच्या यादीत तर भांडी आणि अंथरूणसुद्धा नव्हते. अब्रूची यादी आपण केली, आणि तिला कुठल्याही कलमाची सूट नाही.

धंद्यातल्या लोकांनी हे बरोबर ओळखले. सामान विकून फारसे येत नाही, लाज विकून येते. म्हणून आता बेलिफाचे काम दिवसेंदिवस दुसऱ्यांकडे चालले आहे. २००२ च्या कायद्याने बँकांना तारण मालमत्तेचा ताबा डिक्रीशिवाय घेण्याची वाट मोकळी झाली. त्यातून शेतजमीन वगळली, हे त्यातल्या त्यात बरे. सहकारी संस्थांना तर आधीपासूनच वसुली दाखला मिळतो आणि त्यांचा स्वतःचा वसुली अधिकारी असतो. त्यांनी चौकात थकबाकीदारांच्या नावांचा फलक लावायचा, दारात हलगी नाहीतर बँड वाजवायचा, आणि त्याला 'गांधीगिरी' म्हणायचे. गांधीजी दुसऱ्याच्या दारात बँड घेऊन कधी गेले होते, हे इतिहासाच्या प्राध्यापकांनी एकदा आम्हांला सांगावे.

त्याच्याही पुढची पायरी फोनची. आमच्या वर्गातला एक मित्र (नाव लिहीत नाही, वर्गाला ठाऊक आहे) खोलीभाड्यासाठी फोनवरच्या एका अॅपमधून साडेचार हजार रुपये घेऊन बसला. हप्ता चुकला. मग त्याच्या फोनमध्ये साठवलेल्या प्रत्येक नंबरावर फोन सुरू झाले. वर्गातल्या सतरा जणांना आले. त्याच्या गावच्या किराणा दुकानदाराला आला. मामाच्या मुलीच्या सासरी आला. "तुमचा माणूस चोर आहे, त्याला पैसे भरायला सांगा," एवढेच. मला आला तेव्हा रात्रीचे साडेदहा वाजले होते. मी विचारले, "वॉरंटचा नंबर सांगा." तो मोठ्याने हसला आणि फोन ठेवून पुढच्या नंबराकडे गेला.

कागदावर याला बंदी आहे. बँका आणि वित्तसंस्था यांच्या वसुली करणाऱ्यांनी सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करू नये, असे रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२२ मध्ये बजावले. कर्ज देणाऱ्या अॅपने फोनमधले नंबर उघडून पाहू नयेत, असेही सप्टेंबर २०२२ मध्ये सांगितले. गुंड पाठवून वसुली करणाऱ्या बँकांची सर्वोच्च न्यायालयाने २००७ सालीच कानउघाडणी केली होती. पण साडेदहाला फोन करणाऱ्याला नाव नाही, हुद्दा नाही, वर साहेब नाही. तक्रार कुणाविरुद्ध लिहायची? सूर्यास्तानंतर उंबरा ओलांडता येत नाही हा नियम बेलिफाला; याने तर उंबराच ठेवला नाही. उन्हात बसवणारा, दारात ओरडणारा तो एल्फिन्स्टनच्या वेळचा तगादा पुन्हा आला आहे, आणि आता त्याला दारापर्यंत यायचे कष्टही पडत नाहीत.

यावर आमच्या अर्थशास्त्राच्या तासाला एक आक्षेप निघाला, आणि तो टाळता येण्यासारखा नाही. कर्ज घेतले तर फेडायला नको काय? वसुलीच झाली नाही तर उद्या गरिबाला कर्ज देणार कोण? खरे आहे. माझ्या आजीने मजुरीतून साठवलेले अकरा हजार रुपये एका बुडालेल्या पतसंस्थेत गेले. कर्जे नेऊन बसलेली मंडळी बहुतेक संचालकांच्या गोतावळ्यातली होती. त्यांच्या दारात एक जरी बेलिफ उभा राहिला असता तर आजीने त्याला पाणीच काय, गूळही दिला असता. म्हणजे धनको नेहमी धनदांडगा असतो असे नाही. वर्तमानपत्रात अधूनमधून बातमी येते, की भूसंपादनाचा वाढीव मोबदला थकला म्हणून कोर्टाच्या हुकमाने जिल्हाधिकारी कार्यालयातल्या खुर्च्यांवर जप्ती आली. तिथे डिक्रीदार असतो शेतकरी आणि ऋणको असते सरकार. त्या दिवशी लोक टाळ्या वाजवतात. माणूस तोच, कागद तोच, नाझराची सहीही तीच.

तेव्हा माझे म्हणणे वसुली नको असे नाही. ती कोर्टाच्या कागदाने, दिवसाउजेडी, पंचांसमक्ष आणि भांडी सोडून व्हावी. तिच्यात खिडकीतल्या लोकांना काम नसावे. आणि ती पायरी पाहून होऊ नये. पंचवीस लाखांच्या वर ऐपत असून बुडवणाऱ्यांसाठी रिझर्व्ह बँकेने 'हेतुपुरस्सर कर्जबुडवे' असा वर्ग ठरवला आहे. बड्या थकबाकीदारांची माहिती गोपनीय आहे म्हणून ती देण्याचे रिझर्व्ह बँक टाळत होती. माहिती अधिकारात ती मिळावी यासाठी प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत न्यावे लागले, आणि डिसेंबर २०१५ मध्ये कुठे ती द्या असा निकाल झाला. आमच्या चौकातल्या फलकावर अठरा हजारांच्या थकबाकीसाठी नाव लागलेल्या बाईंना मात्र गोपनीयता म्हणजे काय हे विचारायलाही कुणी गेले नाही.

हे सारे बाहेरचे झाले. आता घरचे. आपल्या महाविद्यालयाच्या कार्यालयाबाहेर, जिन्याशेजारच्या काचेच्या फलकात, शुल्क थकलेल्या विद्यार्थ्यांची यादी लागते. नाव, वर्ग, रक्कम. जाता-येता सगळे ती वाचतात, मीही वाचतो. तीत निम्म्याहून जास्त नावे अशा मुलांची आहेत ज्यांची शिष्यवृत्ती अजून जमा झालेली नाही. म्हणजे थकवणारा दुसराच आहे. माझ्या त्या मित्राचे नाव तीत आहे. फोन आले तेव्हा तो दोन दिवस वर्गात आला नाही. यादी लागल्यापासून आलेलाच नाही. तो सध्या एमआयडीसीत रात्रपाळीला जातो, एवढे कळले.

प्राचार्य महोदयांना आणि प्राध्यापकवर्गाला माझी नम्र विनंती आहे की ही यादी काढावी आणि ज्याची थकबाकी असेल त्याच्या हातात बंद पाकिटात पत्र द्यावे. समन्ससुद्धा आधी माणसाच्या हातातच द्यायचे असते. दारावर चिकटवायचे ते नाइलाज झाल्यावर. हे मी कार्यालयात तोंडी सांगून पाहिले. लेखनिक म्हणाले, लेखी द्या. म्हणून हे लेखी दिले आहे.